दारावरची पाटी आणि वेबसाइटचा तळ

ब्रिटनमधल्या एखाद्या कंपनीची वेबसाइट उघडा आणि सरळ खाली तळाशी जा. तिथे बारीक टायपात बहुतेक वेळा एक ओळ दिसेल. कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणी इंग्लंड-वेल्समधली की स्कॉटलंडमधली, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता. ही ओळ सहसा कुणी वाचत नाही. कुकीची परवानगी, चौदा दिवसांत माल परत करण्याचा हक्क हे नियम लोकांना माहीत असतात, त्यांच्यावर आज मी बोलणार नाही. मला या दुर्लक्षित ओळीबद्दल बोलायचं आहे, कारण ती इंटरनेटबरोबर आलेली नाही. तिचं मूळ १८५५ सालात आहे.

त्याआधी भागीदारीतला धंदा बुडाला की भागीदाराच्या घरादारावर यायचं. १८५५ च्या कायद्याने भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरती मर्यादित केली. धंदा बुडाला तर भागाचे पैसे गेले, पण घर वाचलं. आता दुसऱ्या बाजूने बघा. ज्याने या कंपनीला उधारीवर कोळसा दिला, त्याचं काय? त्याला निदान आधी कळायला तर हवं, की इथे वसुली फक्त कंपनीच्या तिजोरीतूनच होणार. म्हणून नावापुढे 'लिमिटेड' हा शब्द सक्तीचा झाला. आपल्याकडे व्हिजिटिंग कार्डावर 'प्रायव्हेट लिमिटेड' आलं की माणसाचा भाव वाढतो, पण मुळात तो शब्द 'कुत्र्यापासून सावध' या जातीचा आहे! या शब्दाचं श्रेय घेणारे न्यायमूर्ती ब्रॅमवेल म्हणे गमतीने म्हणायचे, की माझ्या थडग्यावरही तोच कोरा.

मग १८५६ आणि १८६२ चे कायदे आले. कंपनीचं नाव प्रत्येक कचेरीबाहेर, ठळक जागी, सहज वाचता येईल अशा अक्षरांत रंगवायचं किंवा लावायचं. तेच नाव हुंड्यांवर, बिलांवर, सूचनांवरही हवं. पाटी नसेल तर १८६२ च्या कायद्याप्रमाणे पाच पौंडांपर्यंत दंड, आणि पाटी लागेपर्यंत तो रोज वाढत जायचा.

पण खरा धाक दंडाचा नव्हता. १८५८ चा एक खटला आहे. सॉल्टॅश या कॉर्नवॉलमधल्या गावच्या नावाड्यांची एक आगबोट कंपनी होती. तिच्या सचिवाने कंपनीच्या वतीने हुंडी स्वीकारली, पण नावात 'लिमिटेड' लिहायचं राहिलं. कंपनीने पैसे दिले नाहीत. कोर्ट म्हणालं, मग सचिवाने स्वतःच्या खिशातून द्यावेत. एक शब्द राहिला आणि मर्यादित जबाबदारीचं कवच गेलं. हे कलम शंभर वर्षांहून जास्त टिकलं. १९७३ मध्ये 'एल अँड आर एजन्सीज' नावाच्या कंपनीच्या छापील चेकवर मधलं 'अँड'चं चिन्ह गळालं होतं, तेवढ्यावरून सही करणारे संचालक व्यक्तिशः देणं लागले. मला विचाराल तर इथे कायदा जरा हास्यास्पद झाला होता. त्या एका चिन्हामुळे कुणाची फसवणूक झाली असेल असं वाटत नाही.

पहिल्या महायुद्धात या पाटीला वेगळाच रंग चढला. जर्मन माणसं इंग्रजी वाटणाऱ्या नावांआडून धंदा करतात, हा तेव्हाचा संशय. म्हणून १९१६ च्या कायद्याने टोपणनावाने धंदा करणाऱ्यांना खरं नाव, राष्ट्रीयत्व आणि पूर्वीचं नावही नोंदवावं लागलं. पारदर्शकतेचे सगळेच नियम ग्राहकाच्या प्रेमापोटी येतात असं नाही.

पुढचा धक्का युरोपातून आला. युरोपीय समुदायाच्या १९६८ च्या कंपनीविषयक निर्देशानुसार व्यापारी पत्रांवर आणि ऑर्डर फॉर्मवर नोंदणीचा तपशील हवा होता. ब्रिटनने समुदायात जाताना १९७२ च्या कायद्यात ते घेतलं. २००३ मध्ये त्या निर्देशात दुरुस्ती होऊन वेबसाइटचा उल्लेख आला, आणि १ जानेवारी २००७ पासून ब्रिटिश कंपन्यांना पत्रांवरचा मजकूर ई-मेलवर आणि वेबसाइटवरही देणं भाग पडलं. ई-कॉमर्सच्या २००२ च्या नियमांनी ऑनलाइन सेवा देणाऱ्यांकडून नाव, प्रत्यक्ष पत्ता आणि ई-मेल आधीच मागितला होता, मग ती कंपनी असो की एकटा दुकानदार. प्रत्येक पानावर हा तपशील हवा, असा एक समज आहे. तसं नाही, वेबसाइटवर तो सापडला पाहिजे.

२००८ च्या नियमावलीत मला आवडणारी एक अट आहे. अक्षरं नुसत्या डोळ्यांनी वाचता आली पाहिजेत! आणि एकाच जागी सहा किंवा जास्त कंपन्या असतील, तर पडद्यावर प्रत्येकीचं नाव दर तीन मिनिटांत निदान पंधरा सेकंद सलग दिसलं तरी चालेल. १८५६ चा रंगारी हे वाचून काय म्हणाला असता?

आपल्याकडेही ही पाटी इंग्रजांच्या कंपनी कायद्यांबरोबरच आली. १९५६ च्या आपल्या कायद्यात तर पाटी त्या भागात वापरात असलेल्या भाषेच्या लिपीतही हवी असं होतं, आणि २०१३ च्या कायद्यानेही ते ठेवलं. वेबसाइटच्या पहिल्याच पानावर नाव, पत्ता, कंपनी क्रमांक आणि तक्रारीसाठी माणसाचं नाव द्यावं, असा नियमही आपल्याकडे आहे. ब्रिटनपेक्षा हे कडक. मात्र लिपीची अट दारावरच राहिली, पडद्यापर्यंत आली नाही. पुण्यातल्या कंपनीच्या पाटीवर देवनागरी लागते, वेबसाइटला नाही.

आता ब्रिटनमधल्या दुखण्याकडे येऊ. २००६ च्या कायद्याने सचिव आणि संचालकांवरची ती जुनी व्यक्तिगत जबाबदारी काढून टाकली. आता दंड एक हजार पौंडांपर्यंत. शिवाय तपशील दडवल्यामुळे समोरच्याचं नुकसान झालं असेल, तर कंपनीचा दावा कोर्ट फेटाळू शकतं. दुसरीकडे कंपनी काढणं अगदी स्वस्त झालं, कित्येक वर्षं ऑनलाइन नोंदणीला बारा पौंड पुरत. आणि दिलेला पत्ता खरा आहे का, हे कंपनी हाउस तपासत नसे. म्हणजे वेबसाइटवरची ओळ कायद्याप्रमाणे अगदी बिनचूक, आणि त्या पत्त्यावर कंपनीला ओळखणारं कुणीच नाही. अनोळखी घराच्या पत्त्यावर कंपन्या नोंदवल्या गेल्या आणि त्या घरातल्या लोकांकडे परक्यांची थकबाकीची पत्रं येऊ लागली. उधारीवर कोळसा देणाऱ्याला जे हवं होतं, ते एवढं पोकळ झालं.

४ मार्च २०२४ पासून नोंदणीकृत पत्ता असा हवा, की तिथे पोचलेली कागदपत्रं कंपनीच्या माणसापर्यंत जातील आणि पोच मिळू शकेल. नुसती टपालपेटी चालत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात ऑनलाइन नोंदणीचं शुल्क पन्नास पौंड झालं, आणि १८ नोव्हेंबर २०२५ पासून संचालकांना ओळख पटवावी लागते. हिशेबनिसाचा पत्ता मात्र आजही चालतो.

त्या ओळीतला क्रमांक कंपनी हाउसच्या साइटवर टाकला की संचालक, ताळेबंद, गहाणाची नोंद, सगळं फुकट दिसतं. तुमच्यापैकी कुणाचा भाचा किंवा मुलगी लंडनहून काही मागवत असेल, तर त्यांना ते करायला सांगा. आता प्रश्न घेऊ.