पास परवडतो का?

नागपुरात 'पास' या शब्दाला वजन आहे. मुलगा दहावी पास झाला याचं कौतुक चार दिवस टिकतं. जावई रेल्वेत आहे आणि त्याला पास मिळतो, याचं कौतुक जन्मभर! हे शहरच तसं आहे. मध्य रेल्वेचा एक विभाग इथे, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा एक विभागही इथेच. अजनीच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या माझ्या मित्रांनी शाळेत असतानाच कन्याकुमारी पाहिली होती. आम्ही वाडीतले. अमरावती रोडवरच्या या गावात ट्रक, गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं हवी तेवढी. प्रवासी गाडीचं स्टेशन मात्र नाही. रेल्वेच्या वेळापत्रकात 'वाडी' सापडते खरी, पण ती कर्नाटकातली वाडी जंक्शन. १८७४ मध्ये निजामाची रेल्वे सिकंदराबादहून येऊन जिथे मुंबई-रायचूर मार्गाला मिळाली, ती. बाहेरगावच्या कविसंमेलनाच्या एका आयोजकांनी माझं परतीचं तिकीट त्या वाडीचं काढायला घेतलं होतं. असो.

तर ज्यांच्या घरी रेल्वेचा पास नाही, अशा माणसाने पैसे मोजून पास घ्यावा का? घेतला तर तो वसूल होतो का? हा प्रश्न जगभरच्या प्रवाशांना पडतो. युरोपात युरेल नावाचा पास १९५९ पासून आहे. एकदा पैसे भरा आणि ठरावीक दिवस अनेक देशांच्या गाड्यांतून फिरा. जपानने परदेशी पाहुण्यांसाठी असा पास १९८१ मध्ये काढला. सात दिवसांच्या त्या साध्या पासात टोकियोहून क्योटोला जाऊन आलं की जवळजवळ पैसे फिटायचे, बाकीचा प्रवास फुकटात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली आणि तिकडे जाणारे आपले लोकही वही-पेन्सिल घेऊन बसले. आता तो ज्याला खरोखर लांब-लांब फिरायचं आहे, त्यालाच परवडतो.

आपल्याकडे असा पास नव्हता का? होता. त्याचं नाव 'इंडरेल पास'. गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात सुरू झाला, २०१७ मध्ये बंद झाला. तो परदेशी पर्यटकांना आणि अनिवासी भारतीयांना मिळे आणि पैसे परकीय चलनात भरावे लागत. अर्ध्या दिवसापासून नव्वद दिवसांपर्यंतचे पास असत. दोन हजारच्या दशकात सात दिवसांच्या पासाला दुसऱ्या वर्गासाठी ८० डॉलर पडत, एसी टू टियरसारख्या मधल्या वर्गासाठी १३५ आणि एसी फर्स्टसाठी २७०.

आता या ८० डॉलरचा हिशेब करू. २००५ च्या सुमाराला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ३,६०० रुपये झाले. त्या वेळी नागपूर-दिल्ली स्लीपरचं तिकीट ४०० रुपयांच्या आत येई. म्हणजे पास वसूल करायचा तर सात दिवसांत नागपूर-दिल्ली अंतर किमान नऊ वेळा कापायला हवं. अंतर साधारण १,०९० किलोमीटर; नऊ वेळा म्हणजे ९,८०० किलोमीटरच्या वर. मेल-एक्स्प्रेस गाडी सगळे थांबे धरून ताशी ५५ किलोमीटर चालते असं माना. १७८ तास लागतील. आणि आठवड्याचे तास असतात १६८! म्हणजे तो बिचारा गोरा पाहुणा सात दिवस, सात रात्री गाडीतून खाली उतरला नाही, ताजमहाल खिडकीतूनसुद्धा पाहिला नाही, तरी त्याचा पास वसूल होत नव्हता.

मग लोक तो घेत का असत? या प्रश्नाचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. एकवीस मैलांसाठी पहिल्या वर्गाचं भाडं दोन रुपये दहा आणे होतं आणि तिसऱ्या वर्गाचं पाच आणे तीन पै. मैलाला तीन पै, आणि वरचा वर्ग त्याच्या आठपट. हिंदुस्थानातले लोक या लोखंडी रस्त्यावर बसतील का, याची पुष्कळ साहेबांना शंका होती. लोक नुसते बसले नाहीत, तर त्यांनी डबे भरून टाकले. पहिल्या वर्गाच्या गाद्या रिकाम्या जात आणि तिसऱ्या वर्गाची बाकडी कंपन्यांची तिजोरी भरत. यात्रा असली म्हणजे माणसं मालडब्यांतूनही नेली जात. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लिहिलं, ते स्वतः त्या बाकड्यांवर बसून. आपल्या रेल्वेचा खरा पर्यटक यात्रेकरू होता, आणि त्याला परवडेल असं भाडं ठेवल्याशिवाय रेल्वेलाही परवडत नव्हतं.

स्वस्त भाड्याला पुढे आणखी एक गोष्ट जोडली गेली. जितकं अंतर जास्त, तितका किलोमीटरमागचा दर कमी. रेल्वेच्या भाषेत याला टेलिस्कोपिक भाडं म्हणतात. दुर्बिणीच्या नळ्या जशा एकीत एक सरकतात, तसे पुढचे किलोमीटर स्वस्त होत जातात. पहिले शे-दोनशे किलोमीटर सगळ्यांत महाग. वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. लांबच्या भाड्याला तोही दर उतरवतो. जपानमध्ये पास परवडायचा, कारण तिथलं सुटं तिकीट महाग. इथे सुटं तिकीटच इतकं स्वस्त की त्याच्यावर मात करणारा पास काढणं रेल्वेलाही जमण्यासारखं नव्हतं.

इंडरेल पासवाल्याला पैशांत फायदा नव्हताच. त्याला आरक्षणाचे वेगळे पैसे लागत नसत, सुपरफास्टचा अधिभार नसे, मोठ्या स्टेशनांवर परदेशी पर्यटकांचा वेगळा कोटा असे. थोडक्यात, त्याची रांग वाचत असे. ज्याने आपल्या आरक्षण केंद्रावर सकाळी सहाला नंबर लावला आहे, त्याला विचारा त्या रांगेची किंमत किती डॉलर धरायची ते!

एका तिकिटात सगळा प्रवास, ही कल्पना मात्र पासापेक्षा जुनी. मुंबई-कलकत्ता रेल्वेमार्ग १८७० मध्ये सलग झाला आणि दोन-तीन वर्षांतच टॉमस कुक आपली जगप्रदक्षिणेची मंडळी घेऊन हिंदुस्थानातून रेल्वेने गेला. त्याच्या कंपनीचं कौशल्यच ते होतं. दहा कंपन्यांच्या गाड्या आणि बोटी असोत, प्रवाशाच्या हातात तिकिटांचं एकच पुस्तक. आमच्या घरात या कुकचं नाव निघतं ते वेगळ्या कारणाने. १८८६ मध्ये ब्रिटिश सरकारने हजच्या यात्रेकरूंची वाहतूक याच कंपनीकडे सोपवली होती. आतल्या मुलखातल्या स्टेशनपासून मुंबई आणि मुंबईहून जहाजाने जेद्दा, असा एकत्र बंदोबस्त करायचा बेत होता. काही वर्षांतच तो करार संपला. श्रीमंत प्रवाशाला जे पुस्तक विकलं, ते गरीब यात्रेकरूला त्याच नफ्याने विकता येत नाही, हे कुकच्या मुलाला कळलं असावं.

नागपूर या नकाशावर १८६७ मध्ये आलं, पण वऱ्हाडच्या कापसाच्या ओढीने भुसावळकडून आलेला तो फाटा होता. दिल्लीला जायचं तर आधी पश्चिमेला तोंड करावं लागे. हावड्याकडची वाट १९०० च्या सुमाराला पूर्ण झाली, इटारसीचा मार्ग १९२० च्या दशकात आणि काझीपेटकडचा त्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा कुठे आपण चारी दिशांच्या चौकात आलो. आज नागपूरहून निघून वेगळ्या वाटेने नागपूरला परत येता येतं, ते या चौकामुळे. माझ्या पुढच्या हिशेबाला हे महत्त्वाचं आहे.

हिशेब घरचाच आहे. अब्बा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. केंद्र सरकारच्या नोकरांना एलटीसी मिळते, म्हणजे ठरावीक वर्षांतून एकदा कुटुंबाला घेऊन भारतात कुठेही जाण्याचं भाडं. अब्बांनी ती उभ्या नोकरीत एकदाच घेतली. भोपाळ, आग्रा, दिल्ली आणि अजमेर. आम्ही चार भावंडं, अम्मी, एक पत्र्याची पेटी आणि मातीची सुरई. अम्मीला पुढे अहमदाबाद आणि मुंबईही पाहायची होती. अब्बा म्हणाले, "निवृत्त झालो की नंतर पाहू." ते निवृत्त झाले तेव्हा अम्मी नव्हत्या.

आता माझी साठी जवळ आली आहे. आमच्या घरी ठरलेलं असं होतं की ज्येष्ठ नागरिकांची सवलत लागू झाली की तोच प्रवास करायचा, पण अम्मीच्या मनातला, पूर्ण. पुरुषांना साठाव्या वर्षापासून ४० टक्के सूट, बायकांना अठ्ठावन्नपासून ५० टक्के. मार्च २०२० मध्ये कोविडच्या काळात ही सवलत थांबली आणि पुढे सुरू झाली नाही. रेल्वेचं म्हणणं, प्रत्येक तिकिटाच्या खर्चाचा मोठा भाग ती आधीच सोसते. तेही खोटं नाही. तिकीट स्वस्त असण्याचा इतिहास वर सांगितलाच. पण साठीनंतर मिळकत थांबते आणि हिंडायला वेळ मिळतो, हेही तितकंच खरं.

एसटीचा पर्याय घरात पुढे आला. महामंडळाची 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' ही योजना १९८८ पासून आहे. चार किंवा सात दिवसांचा पास. योजना झकास. पण मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरीच्या पुढे मोफत. त्यामुळे बायकोला पास घेऊन दिला तर तो वसूल करायला तिने माझ्या दुप्पट फिरायला हवं. म्हणजे घरातल्या घरात तो पास परवडण्याची शक्यता फक्त माझीच. आणि मला एकट्याला फिरायचं नाही.

मग रेल्वेच्या नियमांत एक जुनी सोय सापडली. सर्क्युलर जर्नी तिकीट. आपण त्याला चक्री तिकीट म्हणू. जिथून निघायचं तिथेच परत यायचं, मधे जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं. भाडं कसं लावतात पाहा. एकूण अंतराचे दोन समान भाग करतात आणि तेवढ्या लांबीची दोन एकेरी तिकिटं धरतात. नागपूर, भोपाळ, आग्रा, दिल्ली, जयपूर, अजमेर, अहमदाबाद, मुंबई, नागपूर हा फेरा साधारण ३,३५० किलोमीटरचा होतो. सुटी तिकिटं काढली तर आठ टप्प्यांत आठ वेळा ते पहिले महाग किलोमीटर मोजायचे. चक्री तिकिटात दोनदाच. सुमारे १,६७५ किलोमीटरच्या दोन लांब तिकिटांचं भाडं. टेलिस्कोपिक दराचा सगळा फायदा तुमच्या पदरात. मुदतही सढळ आहे. प्रवासाला ४०० किलोमीटरमागे एक दिवस आणि थांब्यांसाठी २०० किलोमीटरमागे एक दिवस. आमच्या फेऱ्याला पंचवीस-सव्वीस दिवस मिळतात.

यातही काटे आहेत, ते सांगायला हवेत. हे तिकीट मोबाइलवर मिळत नाही. मोठ्या स्टेशनवर मार्ग लिहून अर्ज द्यावा लागतो. प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करायचं, त्याचा आणि सुपरफास्टचा आकार वेगळा. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांचा हिशेब निराळा असतो. आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे आठ गाड्यांतल्या जागा जमवताना घाई होते. ज्याला दोनच गावं पाहायची आहेत त्याने या फंदात पडू नये. सरळ जाऊन-येऊनचं तिकीट काढावं. सगळं कोणीतरी करून द्यावं असं वाटतं, त्याच्यासाठी २०२२ पासून धावणाऱ्या भारत गौरव गाड्या आहेत. जेवण, मुक्काम, वाटाड्या सगळं त्यात, आणि त्याचे पैसेही. पण पाच-सहा गावं, हाताशी तीन आठवडे आणि थोडा चिवटपणा असेल, तर चक्री तिकीट परवडतं. माझ्या मते आपल्या देशात परवडणारा रेल्वे पास हाच, फक्त त्याला पास म्हणत नाहीत.

मी एका आरक्षण केंद्रावर विचारायला गेलो. खिडकीतला तरुण म्हणाला, "काका, असं तिकीट नसतं." मी नियमाचा कागद पुढे केला. त्याने तो मन लावून वाचला, आतल्या टेबलावरच्या वयस्कर बाईंना दाखवला. त्या उठून खिडकीशी आल्या. म्हणाल्या, "असतं. पूर्वी सुट्ट्यांमध्ये बरीच निघायची. आता कोणी मागतच नाही." त्यांनी त्या मुलाला शेजारी उभं करून अर्ज कसा घ्यायचा ते दाखवलं. माझ्या मागच्या रांगेतल्या दोघांनी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. इंडरेल पास गेला तेव्हा इथे कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तो आपला नव्हता. हे तिकीट आपलं आहे, आणि ते मागणारं कोणी उरलं नाही तर तेही असंच निघून जाईल.

अर्ज घरी आणला आहे. सात थांबे लिहून झाले, आठवा मोकळा आहे. मुलीचं म्हणणं झाशी. बायकोचं म्हणणं भुसावळ. तिथे तिच्या खाला राहतात, आणि मुंबईहून परत येताना भुसावळ वाटेवरच आहे. मी झाशीच्या बाजूने दोन शब्द बोलून पाहिले. अर्ज सध्या बायकोकडे आहे.