तळटीप : ‘शिन्शिन्’

जपानी भाषेत प्रत्यक्ष ध्वनीचे अनुकरण करणाऱ्या शब्दांस ‘गिओंगो’, तर आपल्या ‘लखलख’प्रमाणे ध्वनिरहित स्थितीचे चित्र केवळ नादाने उभे करणाऱ्या शब्दांस ‘गिताइगो’ अशी संज्ञा असून प्रस्तुत शब्द या दुसऱ्या वर्गातील आहे. वारा पडलेला असताना बर्फ अखंड, निःशब्द उतरत राहते, रात्र अधिकाधिक गहन होत जाते, अथवा थंडी हाडांपर्यंत भिनते, अशा प्रसंगी तो बहुधा ‘तो’ हे अव्यय जोडून क्रियाविशेषणासारखा योजतात; सोसाट्याच्या हिमवादळास मात्र तो शोभत नाही. ‘रिमझिम’ या शब्दात पावसाचा आवाज शिल्लक राहतो, सबब अनुवादात मूळ शब्दच कायम ठेवणे आम्हांस रास्त वाटले. वाचकांनी तो सावकाश उच्चारावा, कारण त्यातील प्रत्येक ‘न्’ला स्वतंत्र मात्रा असून जपानी कानास हा शब्द चार मात्रांचा ऐकू येतो.