जन्मतः कमी वजनाचे बाळ आणि त्याच्या शरीरातील चरबी

बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी भरले की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, "हे लवकर बाळसे कसे धरेल?" उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागातल्या प्रसूतिगृहांतून घरी जाणारी अनेक कुटुंबे हाच प्रश्न विचारतात. काळजी योग्यच आहे. मात्र वजन वाढवण्याच्या घाईत एक गोष्ट मागे पडते: वाढलेले वजन स्नायू आणि हाडांचे आहे की नुसत्या चरबीचे? लहानपणी चरबी कशी साठते याचा पुढे मधुमेहाशी संबंध असतो, म्हणून हा विषय समजून घेऊ.

चरबी केव्हा तयार होते?

चरबी म्हणजे केवळ साठलेले तूप-तेल नव्हे. चरबीच्या पेशी ऊर्जा साठवतात, शरीर उबदार ठेवतात आणि भूक व साखर यांवर परिणाम करणारी संप्रेरके तयार करतात. माणसाच्या बाळात चरबी मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत साठते. म्हणून अपुऱ्या दिवसांचे बाळ इतके कृश दिसते. पुढे बालपणी आणि किशोरवयात या पेशींची संख्या वाढते. मोठेपणी ती साधारण स्थिर राहते. त्यामुळे सुरुवातीच्या पोषणाचा ठसा दीर्घकाळ टिकतो.

प्राण्यांवरील प्रयोगांतून काय दिसले?

उंदराची पिल्ले जवळजवळ चरबीविना जन्मतात आणि आईच्या दुधावर असताना चरबी साठवतात. त्यामुळे या काळातील आहाराचा परिणाम त्यांच्यात स्पष्ट दिसतो. १९६० च्या सुमारास केंब्रिजमध्ये मॅककान्स आणि विडोसन यांनी काही माद्यांकडे मोजकी, तर काहींकडे खूप पिल्ले ठेवली. भरपूर दूध मिळालेली पिल्ले मोठी झाली. दुधासाठी स्पर्धा करावी लागलेली पिल्ले लहान राहिली आणि नंतर पोटभर खायला मिळूनही त्यांनी बरोबरी साधली नाही. १९६८ साली अमेरिकेत निटल आणि हर्श यांनी दाखवले की, मोजक्या भावंडांत वाढलेल्या उंदरांच्या शरीरात चरबीच्या पेशींची संख्याच जास्त असते.

पुण्यातील आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१५ मध्ये आणखी पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या ५० पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढवल्या होत्या. या उंदरांचे जन्मवजन कमी होते, पण पोटातील चरबी जास्त होती आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होत होता. त्यांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्वही कमी होते. पुढच्या दोन पिढ्यांना नेहमीचा पुरेसा आहार देऊनही हे दोष गेले नाहीत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजात अचानक भरपूर खाणे आले तर काय होऊ शकते, याची कल्पना या प्रयोगातून येते.

पुण्याजवळच्या सहा गावांतील बाळे

माणसांतील सर्वांत महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन होते सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे होते ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण पाठीवरच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बाळ दिसायला बारीक, पण चरबीचे प्रमाण जास्त.

मोठेपणीही हे चित्र दिसते. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. म्हणून "मी तर बारीक आहे, मला कसली साखर?" हा समज चुकीचा ठरू शकतो.

आईच्या ताटात काय हवे?

पुण्याच्या अभ्यासात हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळे जास्त वेळा खाणाऱ्या स्त्रियांची बाळे आकाराने मोठी होती. सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत बी-१२ कमी होते.

मुंबईच्या वस्त्यांमध्येही असाच अभ्यास झाला. काही स्त्रियांना रोज पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ दिला, तर इतरांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून पहिला खाऊ खाणाऱ्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड होती, आणि त्या गटात गरोदरपणातील मधुमेहही कमी आढळला. मात्र फारच कृश असलेल्या स्त्रियांच्या बाळांचे वजन वाढले नाही. म्हणून तयारी दिवस राहण्यापूर्वीच हवी.

बदलापूर-अंबरनाथहून सकाळची लोकल पकडताना चहा-बिस्किटांवर भागवले जाते. त्याऐवजी भाजी-पोळी, उकडलेले अंडे किंवा मूठभर शेंगदाणे आणि केळे सोबत ठेवता येते. माठ, चवळई, शेवग्याचा पाला, मेथी यांपैकी एक भाजी रोज हवी. बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. शाकाहारी स्त्रियांनी डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासून घ्यावे. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने लोह कमी शोषले जाते. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन होणारी साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि २४ ते २८ आठवड्यांत करून घ्यावी.

कमी वजनाच्या बाळाला कसे वाढवावे?

- पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पावडरचे दूध, पाणी किंवा ग्राइपवॉटर नको.
- बाळ अशक्त असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने द्यावे. बाटली टाळावी. छातीशी त्वचेला त्वचा लावून धरल्याने बाळ उबदार राहते आणि दूध चांगले पिते.
- सहा महिन्यांनंतर मऊ वरण-भात, नाचणी, कुस्करलेली भाजी, अंडे द्यावे. पातळ पेज किंवा नुसते वरणाचे पाणी पुरत नाही.
- दोन वर्षांपर्यंत साखर, बिस्किटे आणि गोड पेये नकोत. एक वर्षापर्यंत मध अजिबात नको.
- अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही मोजून घ्यावी. वजन झपाट्याने वाढून उंची मागे राहिली तर डॉक्टरांना दाखवावे.

याचा अर्थ बाळाला कमी खाऊ घालावे असा मुळीच नाही. अपुरे पोषण मेंदूच्या वाढीसाठी घातक असते. वाढ नियमित हवी आणि ती सकस अन्नावर व्हायला हवी.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?

बाळ दूध ओढत नसेल, सुस्त असेल, अंग गार किंवा तापलेले लागत असेल, आठवड्यानंतरही दिवसातून सहापेक्षा कमी वेळा लघवी करत असेल किंवा दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत आले नसेल, तर थांबू नका.

जन्मतः लहान असलेली मोठी माणसे

तुमचे जन्मवजन कमी होते, हे नशीब ठरवून गेलेले नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवरील २००६ च्या एका अभ्यासात आहार आणि चालण्यामुळे मधुमेह होण्याचा धोका चौथ्या हिश्शाहून अधिक घटला. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत ठेवा, स्नायू बळकट करणारा व्यायाम करा आणि तिशीनंतर वर्षातून एकदा साखर तपासा, मग वजन कितीही कमी असो.