एक थेंब, नेमक्या जागी : वंगणाच्या बुधलीचा इतिहास

कावेरीकाठचे कुंभकोणम् हे एके काळी तंजावरच्या भोसले राजांच्या मुलखातील नगर. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये येथलाच. १८७७ मध्ये साउथ इंडियन रेल्वेचा मीटरगेज मार्ग या नगरात आला आणि त्यासोबत लांब तोटीची तेलाची बुधली आली. गाडी स्थानकात उभी राहिली की इंजिनावरचा माणूस खाली उतरे, दांडे, सांधे आणि आस यांच्या भोकांत तेल सोडी आणि शिटी होण्यापूर्वी वर चढे.

धातूच्या भांड्यातून तेल देणे कुंभकोणम्‌ला नवे नव्हते. शेजारच्या नाचियारकोइल गावी कावेरीच्या बारीक वाळूच्या साच्यांत पितळी समया ओतण्याची परंपरा आहे. मात्र समई एका जागी स्थिर असते आणि थोडे तेल जास्त पडले तरी काही बिघडत नाही. यंत्राचे तसे नाही. तेल कमी पडले तर बेअरिंग तापते. जास्त पडले तर ते सांडते, धूळ धरते आणि पायाखालची जागा निसरडी करते. शिवाय भोक बहुधा अशा अडचणीत असते, की तेथे हात घालणे धोक्याचे. बुधलीच्या घडणीत झालेली प्रत्येक सुधारणा या तीन अडचणींपैकी कोणत्या तरी एकीचे उत्तर होती.

पहिला प्रश्न तोटीचा. अरुंद नळीतून द्रव किती वाहतो याचा नियम जर्मन अभियंता हागेन आणि फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी १८४० च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडला. दाब तोच ठेवला तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे तोटीचे भोक निम्मे केले, तर तेल निम्मे नव्हे, सोळाव्या हिश्शाने येते. त्यात भारतातील रेल्वेमार्गांवर एरंडेलाचा वापर मोठा होता. साध्या तापमानाला ते पाण्याच्या शेकडो पट दाट असते आणि उन्हात तापले की झपाट्याने पातळ होते. सकाळी जिच्यातून थेंबही पडेना, त्याच तोटीतून दुपारी धार लागावी, असा हा पदार्थ.

यावरचा सर्वांत सुबक उपाय म्हणजे तळ दाबण्याची बुधली. शिवणयंत्राजवळ ठेवलेली ती छोटी, शंकूच्या आकाराची डबी अनेक घरांत अजूनही असेल. तिचा पातळ, किंचित फुगीर तळ अंगठ्याने दाबला की तो ‘टक्’ आवाज करून आत जातो आणि सोडला की पूर्ववत होतो. तळ जितका आत जातो तितक्याच आकारमानाचे तेल बाहेर पडते; त्यामुळे माप तेलाच्या वजनावर नव्हे, पत्र्याच्या घडणीवर ठरते. शिवाय अंगठ्याचा जोर मिळाल्याने तोटी बारीक ठेवता येते. तळ परत येताना हवा तोटीतूनच आत ओढली जाते, म्हणून वेगळे भोक लागत नाही. पातळ पत्र्याच्या अशा फुगण्या-दबण्याला अभियांत्रिकीत आजही ‘ऑइल कॅनिंग’ म्हणतात. विमानाच्या आवरणाचा आणि धातूच्या छपराचा तो एक नेहमीचा दोष. एका क्षेत्रातला दोष दुसऱ्या क्षेत्रात गुण ठरल्याचे इतके साधे उदाहरण क्वचितच सापडेल.

मोठ्या इंजिनांना मात्र मोठी बुधली हवी. तेथे डाख दिलेले सांधे धक्क्यांनी आणि उष्णतेने उकलत. इंग्लंडमधील लीड्स येथील जोसेफ के यांच्या कारखान्याने बिनजोड पोलादी बुधल्या आणि अंगठ्याने उघडणारी झडप यांवर नाव कमावले. अंगठा उचलला की तेल बंद. वाकडी धरली तरी सांडणार नाही, असे या झडपेमुळे साधले.

पण तेल नेमके कोठे द्यायचे? या प्रश्नाचे उत्तर बुधली घडवणाऱ्यांकडून नव्हे, एका प्रयोगातून अनपेक्षितपणे मिळाले. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी बोशां टॉवर हे बेअरिंगमधील घर्षण मोजत होते. खालून तेलात बुडालेल्या शाफ्टवर भाराखाली दाबलेले धातूचे अर्धे बेअरिंग, अशी त्यांची मांडणी. तेल घालण्यासाठी त्यांनी या बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. यंत्र चालू होताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उसळून वर येऊ लागले. बूच बसवले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. दाबमापक जोडला तेव्हा दर चौरस इंचाला २०० पौंडांहून अधिक दाब निघाला. बेअरिंगवरचा सरासरी भार त्याच्या निम्माच होता. टॉवर यांचा अहवाल १८८३ चा. फिरता शाफ्ट स्वतःच तेल पाचरीसारख्या फटीत ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो, हे गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडले.

याचा सरळ अर्थ असा, की भार पेलणाऱ्या बाजूच्या भोकात कितीही उत्तम बुधलीने तेल घातले तरी शाफ्ट वेगात असताना ते आत शिरणार नाही. तेल द्यायचे ते कमी दाबाच्या बाजूने. रेल्वेच्या डब्यांत आसाला खालून, तेलात भिजलेल्या गादीने वंगण देण्याची रीत का टिकली, याचेही कारण यात मिळते.

उरला हाताचा प्रश्न. अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटून कॅनडात पोहोचलेल्या आईवडिलांचा मुलगा एलायजा मॅकॉय याने एडिंबरोत अभियंत्याचे शिक्षण घेतले. तरी वर्णामुळे मिशिगन सेंट्रल रेल्वेत त्याला कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचेच काम मिळाले. इंजिन चालू असतानाच वाफेच्या जोराने वंगण पोहोचवणाऱ्या उपकरणाचे पेटंट त्याने १८७२ मध्ये घेतले. ज्याच्या हाती बुधली होती, त्यानेच ती बाजूला ठेवण्याची सोय शोधली.

आज अनेक पंपांच्या बेअरिंगला एक पालथी काचेची बाटली जोडलेली दिसते. खालची तेलाची पातळी बाटलीच्या तोंडाखाली उतरली की हवेचा बुडबुडा आत शिरतो, तेवढे तेल खाली येते आणि तोंड पुन्हा बुडताच प्रवाह थांबतो. श्रीलंकेतील देदिगमा येथे सापडलेल्या बाराव्या शतकातील हत्तीदीपात हेच तत्त्व आहे : हत्तीचे पोकळ शरीर ही टाकी, आणि खालच्या पात्रातील तेल उतरले की ती ते भरून काढते. त्या दिव्यातूनच ही बाटली निघाली असे मानायला आधार नाही. पण समईत तेल घालायला पुन्हा पुन्हा उठणे आणि चालत्या यंत्रात पुन्हा पुन्हा हात घालणे, या दोन्ही त्रासांवर सुचलेला उपाय एकच आहे.

सर्वच यंत्रांना अशी बाटली बसत नाही. म्हणून २०२५ पर्यंत लागू असलेल्या भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम २२ प्रत्यक्ष हाताविषयी बोलत होते. तपासणीसाठी किंवा वंगणासाठी चालत्या यंत्राजवळ जाणे अटळच असेल, तर ते काम खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच करावे, आणि ते कपडे मालकाने पुरवावेत, असे ते सांगत होते.