गटिंगेन : एक विद्यानगरी
जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यातील लाइने नदीकाठचे जुने नगर. वस्तीचा पहिला उल्लेख इ. स. ९५३ चा असला, तरी नगराची कीर्ती विद्यापीठामुळे आहे. हॅनोव्हरचा अधिपती व ग्रेट ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज याच्या नावे मंत्री म्युंखहाउझेन याने ते उभारले. अध्यापन १७३४ मध्ये सुरू झाले आणि औपचारिक उद्‌घाटन १७३७ मध्ये झाले. इतर शाखांच्या लेखनावर नियंत्रण ठेवण्याचा जो अधिकार धर्मशास्त्र शाखेला अन्यत्र असे, तो येथे नाकारण्यात आला. पुढील वैभवाचे मूळ या निर्णयात आहे.

विद्यापीठाचे हृदय म्हणजे ग्रंथालय. ब्यूलो घराण्याचा सुमारे ९,००० ग्रंथांचा संग्रह हे त्याचे मूळ भांडवल. अभिजात भाषांचे पंडित क्रिस्टिआन गोटलोप हाइन यांनी १७६३ पासून मृत्यूपर्यंत (१८१२) त्याची धुरा वाहिली. शोभेसाठी नव्हे, तर अभ्यासकांच्या गरजेनुसार ग्रंथखरेदी करण्याच्या त्यांच्या धोरणामुळे ग्रंथसंख्या सुमारे दोन लाखांवर गेली. १७५१ मध्ये स्थापन झालेल्या विज्ञान परिषदेचे पहिले अध्यक्ष आल्ब्रेख्त फोन हालर हे होत.

गणितज्ञ गौस व भौतिकीविज्ञ व्हिल्हेल्म वेबर यांनी १८३३ मध्ये वेधशाळा व भौतिकी प्रयोगशाळा यांच्या दरम्यान तारायंत्र चालवून दाखविले. पुढे १८३७ मध्ये राजा एर्न्स्ट आउगुस्ट याने राज्यघटना रद्द केली, तेव्हा निषेध करणाऱ्या सात प्राध्यापकांत वेबर होते, तसेच लोककथांचे संग्राहक ग्रिम बंधूही. सातही जण बडतर्फ झाले. याकोप ग्रिमसह तिघांना राज्य सोडावे लागले.

संस्कृताध्ययनात थेओडोर बेन्‌फाय यांचे पंचतंत्राचे भाषांतर (१८५९) युगप्रवर्तक ठरले. मात्र ज्यू कुलात जन्मलेल्या या विद्वानाला पूर्ण प्राध्यापकपद मिळण्यास १८६२ साल उजाडले. त्यांच्यानंतर १८८२ मध्ये आलेले फ्रान्ट्‌स कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून आले होते. पुण्यात शास्त्रीमंडळींच्या सहवासात हाती घेतलेले पतंजलीच्या महाभाष्याचे संपादन त्यांनी गटिंगेनात पूर्ण केले (तीन खंड, १८८०–८५). रा. गो. भांडारकरांना याच विद्यापीठाने १८८५ मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिली.

क्लाइन व हिल्बर्ट यांच्या काळात नगर गणिताची राजधानीच बनले. संगीतातही १९२० मध्ये ऑस्कार हागेन यांनी हेंडेलच्या विस्मृत ऑपेरांचे पुनरुज्जीवन येथे आरंभिले. नाझी सत्तेने १९३३ मध्ये माक्स बोर्न, एमी नोटर, रिखार्ट कूरांट यांना अध्यापनातून दूर केले. महायुद्धातील सेवेमुळे नव्या कायद्यातून सूट असूनही जेम्स फ्रांक यांनी निषेधार्थ राजीनामा दिला. त्यांच्या बाजूने उभे राहण्याऐवजी ४२ अध्यापकांनी त्यांचा जाहीर धिक्कार केला. १८३७ मधील सात नावे आदराने घेणाऱ्या नगरात हे घडले. १० मे रोजी येथे ग्रंथांची होळीही झाली.

युद्धोत्तर काळात माक्स प्लांक संस्थेची स्थापना येथेच झाली (१९४८). १९५७ मध्ये १८ शास्त्रज्ञांनी गटिंगेनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्रकाद्वारे अण्वस्त्रनिर्मितीत सहभागी होण्यास नकार दिला. स्वाक्षरी करणाऱ्यांत परदेशातून परतलेले बोर्नही होते.