मासे धरण्याचे बांबूचे सापळे (सुरगाणा)
नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यात कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांत ओढ्यांवर व भातखाचरांत वापरले जाणारे हातविणीचे साधन. नार व पार या पश्चिमवाहिनी नद्यांच्या खोऱ्यांत पावसाळी पाणी उथळ पण वेगवान असते. सापळा बांबूच्या कामट्या वेलींनी वा दोरीने बांधून करतात. खरे कसब त्याच्या घशात आहे : आत वळवलेली टोके माशाला शिरू देतात, परतू देत नाहीत. चढणीच्या माशांसाठी तोंड प्रवाहाच्या खालच्या बाजूस, उतरणीला वरच्या बाजूस ठेवतात. आग्नेय आशियातही हीच रचना आढळते. चढणीचे मासे अंडी घालायला निघालेले असतात, म्हणून संपूर्ण ओढा अडवणे घातक ठरते. थोडी वाट मोकळी सोडायलाच हवी.