त्लातेलोल्को गोळीबार (१९६८)

मेक्सिकोच्या राजधानीतील त्लातेलोल्को वसाहतीच्या चौकात २ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळीबार झाला. ऑलिंपिक स्पर्धांच्या उद्घाटनास तेव्हा अवघे दहा दिवस उरले होते.

आंदोलनाचे मूळ क्षुल्लक होते. जुलैमध्ये विद्यार्थ्यांच्या दोन गटांतील मारामारी मोडताना दंगलविरोधी पोलिसांनी अमानुष मारहाण केली. पुढे काही दिवसांतच लष्कराने एका विद्यालयाचे ऐतिहासिक दार बझूकाने उडवले. राष्ट्रीय विद्यापीठाचे कुलगुरू हाविएर बारोस सिएरा यांनी राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवला आणि १ ऑगस्टला ते स्वतः मोर्चाच्या अग्रभागी चालले. राजकीय कैद्यांची सुटका, दंगलविरोधी पोलीस दलाची बरखास्ती आणि सरकारशी जाहीर चर्चा या प्रमुख मागण्या होत्या. १३ सप्टेंबरला विद्यार्थ्यांनी प्रचंड मूक मोर्चा काढला. १८ सप्टेंबरला लष्कराने विद्यापीठाचा ताबा घेतला.

विद्यार्थ्यांनी प्रथम गोळ्या झाडल्या व सैनिकांनी प्रत्युत्तर दिले, असे राष्ट्राध्यक्ष गुस्तावो दियास ओर्दास यांच्या सरकारने सांगितले. मृतांची संख्याही तिसाच्या आसपासच दाखवण्यात आली. अन्य अंदाज तीनशेपर्यंत जातात. प्रत्यक्षदर्शींनी मात्र डाव्या हातात पांढरा हातमोजा घातलेले साध्या वेशातील सशस्त्र लोक पाहिले होते. हे ‘ऑलिंपिया’ बटालियनचे जवान होते. राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलातील नेमबाज सभोवतालच्या इमारतींत होते, हे १९९९ मध्ये उजेडात आलेल्या कागदपत्रांतून दिसले.

गोळीबाराइतकाच या असत्यकथनाने जनतेचा विश्वास खचला. मेक्सिकोचे भारतातील राजदूत, कवी ऑक्टाव्हियो पाझ यांनी निषेधार्थ पद सोडले. पत्रकार एलेना पोनियातोव्स्का यांनी १९७१ मध्ये प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. सरकारी निवेदनापेक्षा लोकांनी त्यांवरच अधिक भरवसा ठेवला. गोळीबाराच्या वेळी गृहमंत्री असलेले लुईस एचेवेर्रिया १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. १० जून १९७१ रोजी त्यांच्याही कारकीर्दीत विद्यार्थ्यांचे रक्त सांडले.

१९२९ पासून सत्तेवर असलेल्या पक्षाचा २००० मध्ये पराभव झाला आणि त्यानंतरच चौकशीला खरी गती आली. एचेवेर्रिया यांच्यावर वंशसंहाराचा आरोप ठेवण्यात आला, परंतु २००९ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. २०२२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २ ऑक्टोबर हा दिवस २०११ मध्ये राष्ट्रीय दुखवट्याचा दिवस ठरला. मृतांची निश्चित संख्या मात्र आजही अधिकृतपणे स्थिर झालेली नाही. त्यामुळेच दरवर्षी या दिवशी राजधानीत मोर्चा निघतो आणि ‘२ ऑक्टोबर विसरलेलो नाही’ ही घोषणा पुन्हा घुमते.